एका ताऱ्याची चौकशी

रमजान बुबेरे यांना पहिला एक तारा मिळाला तो एका मंगळवारी, दुपारची गर्दी ओसरल्यावर, सोलकढीचा पेला तोंडाला लावलेला असताना. पनवेलहून मुलीचा, अल्मासचा फोन आला. "अब्बा, आपल्याला कुणीतरी एक दिलाय."

"एक काय?"

"एक तारा. पाचपैकी एक."

सोलकढी नाकात गेली. आमसुलाची सोलकढी नाकात गेली की माणसाला काय होतं ते ज्याचं त्यालाच ठाऊक. पण रमजानभाई नंतर कित्येक दिवस सांगत, की आमसुलानं काही झालं नाही, झालं ते त्या ताऱ्यानं.

कशेळ्याच्या नाक्याजवळ, थोड्या चढावर 'शकिला घरगुती खानावळ' आहे. चार टेबलं, सोळा खुर्च्या, एक पंखा. तांदळाची भाकरी, कोंबडीचा रस्सा, वालाचं बिरडं आणि सोलकढी, याच्या पलीकडे काही मागितलं तर मिळत नाही, आणि आजवर कुणी मागितलंही नव्हतं. रांधायचं शकिलाबींनी आणि बाकीचं सगळं पाहायचं रमजानभाईंनी, अशी वाटणी होती. बाकीचं सगळं म्हणजे पाणी, पत्रावळी आणि गिऱ्हाइकाला कुठं बसवायचं ते. एवढ्या मोठ्या कारभाराला माणूसही तसाच लागतो. रमजानभाई एस.टी.तून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेले. गेल्या ईदला अल्मास घरी आली आणि जाता जाता खानावळ फोनच्या नकाशावर चढवून गेली. तेव्हापासून लोक जेवून तारे देऊ लागले, आणि रमजानभाईंना त्याचा पत्ताही नव्हता. तो लागला नसता तर फार बरं झालं असतं.

तर तो अभिप्राय असा होता: 'जेवण बरं आहे. पुन्हा जाणार नाही.' खाली नाव, रूपेश टी.

बस्स, एवढंच. कारण नाही, खुलासा नाही. कारण न देता केलेली तक्रार म्हणजे तिकीट न काढता केलेला प्रवास, असं रमजानभाईंचं ठाम मत. चौतीस वर्षं त्यांच्या खिडकीत सुतळीनं बांधलेलं तक्रार पुस्तक लटकत असे. त्यात प्रवाशानं तारीख, गाडी नंबर आणि कारण लिहायचं, मग चौकशी व्हायची आणि प्रवाशाला लेखी उत्तर जायचं. उत्तर गेल्याशिवाय तक्रार मिटत नाही, आणि तक्रार मिटल्याशिवाय रमजानभाईंना जेवण जात नाही. आता घरचंच तक्रार पुस्तक उघडलेलं पाहून त्यांच्या अंगात जुना नियंत्रक संचारला. एका बोटानं टाइप करत त्यांनी अर्ध्या तासात उत्तर धाडलं:

'महोदय, आपली तक्रार प्राप्त झाली. तथापि सदर तक्रारीत कारण नमूद नसल्याने चौकशी करणे शक्य होत नाही. तरी आपण पुन्हा का येणार नाही, याचा सविस्तर खुलासा सात दिवसांत करावा. कळावे. र. बुबेरे, व्यवस्थापक.'

सात दिवस गेले. रूपेश टी.नं खुलासा केला नाही. रमजानभाई दर पंधरा मिनिटांनी फोन काढून बघत. गिऱ्हाइकापुढं ताट ठेवायचं आणि फोन बघायचा, भाकरी वाढायची आणि फोन बघायचा. एकाच्या सोलकढीत त्यांनी मिठाऐवजी स्वतःचा चष्मा टाकला.

"आवो, बाकीच्यांनी चांगलं लिवलंय ना?" शकिलाबी आतून म्हणाल्या. "मंग त्या एकाचं काय घेऊन बसलाय?"

मुद्दा रास्त होता, म्हणून रमजानभाईंनी बाकीच्यांचीही छाननी केली. आणि तिथंच घोडं पेंड खाऊ लागलं. एकूण तेवीस अभिप्राय. त्यातल्या सात जणांनी पाच तारे दिले होते ते मागच्या डोंगरातल्या धबधब्याला; 'पाणी फार सुंदर' वाचून रमजानभाईंना क्षणभर माठातल्या पाण्याचा अभिमान वाटला होता. एकानं 'मुरबाडची बस लगेच मिळाली' म्हणून पाच दिले होते. एक पाच सिलीगुडीहून आले होते, नुसतं 'नाइस' लिहून. सिलीगुडी कुठं आहे ते रमजानभाईंनी नकाशात शोधलं आणि तिथल्या माणसाला आपल्या रश्श्याचा वास कसा गेला असेल याचा बराच वेळ विचार केला. एक खुद्द अल्मासचा होता आणि तीन तिच्या मैत्रिणींचे. दुसरा कुणी असता तर गप्प बसला असता. पण खोट्या सहीवर रजा मंजूर करणारा हा माणूसच नव्हे. त्यांनी मनातल्या मनात सगळे बाद केले. उरलेल्यांत कारण नसलेला, पण खराखुरा वाटणारा एकच अभिप्राय होता, तो म्हणजे रूपेश टी.चा.

मग त्यांनी नवी वही आणली, तिला सुतळी बांधली आणि 'तक्रार क्र. १' लिहून खालचं पान कोरं सोडलं. कोरं पान दिसलं की ते भरायला माणसं येतातच. क्रमांक दोन, 'रस्सा फार तिखट.' रमजानभाई लगेच चुलीपाशी गेले.

"शकिला, उद्यापासून मसाला चार चमच्यांऐवजी अडीच."

"माझ्या हातात चमचा कधी पायलात?" शकिलाबींनी तळवा पुढं केला. "हा हाय चमचा."

तळव्याची नोंद वहीत करता येईना, म्हणून त्यांनी चमचा आणला. चार दिवसांनी क्रमांक तीन आला, 'रस्सा मिळमिळीत.' मग साडेतीन चमचे. क्रमांक चार, 'वर तेल तरंगतं.' तेल कमी. क्रमांक पाच, 'खोबरं दाताखाली येतं.' खोबरं बंद. क्रमांक सहा, 'कोंबडीत हाडं आहेत.' इथं मात्र ते दोन दिवस अडले, कारण यात दोष खानावळीचा नसून कोंबडीचा होता आणि कोंबडी त्यांच्या अधिकारकक्षेत येत नव्हती. शेवटी त्यांनी 'दखल घेतली आहे' असं उत्तर दिलं. सरकारी खात्यात याचा अर्थ काय होतो ते ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे.

पण क्रमांक एक काही केल्या मिटेना. तेव्हा त्यांनी थेट त्या नकाशावाल्या कंपनीकडेच दाद मागायची ठरवली. अल्मासनं फोनवरून वाट दाखवली. इथं दाबा, तिथं दाबा, आणि शेवटी एक पाटी आली, 'आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा.' खाली नऊ चित्रं, आणि आज्ञा, 'बस असलेली सर्व चित्रं निवडा.'

रमजानभाई हसले. चौतीस वर्षं बसगाड्या पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न! त्यांनी दोन चित्रं निवडली. यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा. त्यांनी पुन्हा तीच दोन निवडली.

"अब्बा, त्या खालच्या तीन पण घ्या," अल्मास म्हणाली.

"त्या खाजगी ट्रॅव्हल्स आहेत."

"म्हणजे बसच ना!"

"त्यांना मी बस म्हणणार नाही," रमजानभाई म्हणाले. आयुष्यभर स्टँडच्या दारातून प्रवासी पळवणाऱ्या गाड्यांना आता यंत्राच्या भीतीनं बस म्हणायचं? चार वेळा त्यांनी नकार दिला आणि चार वेळा यंत्रानं त्यांना यंत्र ठरवलं. शेवटी अल्मासनंच पनवेलहून अर्ज भरला. तिसऱ्या दिवशी उत्तर आलं, 'सदर मजकुरात आमच्या धोरणाचा भंग आढळत नाही.' उत्तराखाली कुणाची सही नव्हती. ज्या पत्राला सही नाही त्या पत्रावर अपील कुठं करायचं?

अशा अवस्थेत जितेश आला. जितेशचं कळंबच्या अंगाला एक छोटं रिसॉर्ट आहे. दर शनिवारी तो शकिलाबींकडून मोठं पातेलंभर रस्सा नेतो आणि सोमवारी पातेलं परत करतो. माणूस गोड, आणि सल्ला द्यायला कधी मागंपुढं पाहत नाही.

"साहेब, मला बघा," त्यानं फोन पुढं केला. "चार पॉइंट नऊ!"

रमजानभाईंनी बघितलं. 'अप्रतिम गावरान रस्सा! आमच्या शेफच्या हातची चव!' खाली फोटो. फोटोतलं पातेलं रमजानभाईंना ओळखीचं वाटलं. त्याच्या काठाला डाव्या बाजूला पोचा होता. तो पोचा त्यांच्याच हातून पडला होता.

"जितेश, हे आमचं पातेलं आहे."

"मंग? मी कुठं नाय म्हणतो?"

"आणि रस्साही आमचाच. मग तुला चार पॉइंट नऊ आणि आम्हाला एक?"

"साहेब, तिकडं झोपाळा हाय," जितेश समजुतीच्या सुरात म्हणाला. "मानूस झोपाळ्यावर बसला का त्याला सगळं ग्वाड लागतं. आन् निघताना मी पान देतो आन् त्याचा फोन हातात घेतो. पाच तारे आपोआप पिकत नाय, लावावं लागतात. तुमच्याकडं वातावरण नाय."

वातावरण! रमजानभाईंनी वही उघडून पाहिली, तर क्रमांक सात खरोखरच 'वातावरण नाही' असाच होता. दोन स्वतंत्र साक्षीदार एकच गोष्ट सांगतात म्हटल्यावर पुरावा पक्का झाला. झोपाळ्याला जागा नव्हती, म्हणून जितेशनं बैलगाडीचं चाक सुचवलं. शहरातल्या माणसाला चाक दिसलं की गाव दिसतं, असं त्याचं म्हणणं.

चाक कोंडाजींकडून आलं. कोंडाजी म्हणजे शेजारच्या वाडीतले शेतकरी, बाजाराच्या दिवशी न चुकता जेवायला येणारे, तीन भाकऱ्यांचे मालक. त्यांच्या गोठ्यामागं जुनं चाक पडलं होतं. "घ्या की, पन करनार काय त्याचं?" एवढंच त्यांनी विचारलं. रमजानभाईंनी ते लाल-पिवळं रंगवलं आणि पडवीत काथ्याच्या दोरीनं खांबाला बांधून उभं केलं. दोरीची गाठ त्यांनी स्वतः मारली, हे पुढं चौकशीत निष्पन्न झालं.

रविवारी कल्याणकडच्या पाच जणांनी चाकाला टेकून फोटो काढला. पाचवा टेकला आणि गाठ सुटली. चाक पडवी उतरलं, दोन कोंबड्यांना वळसा घालून उताराला लागलं आणि चांगला वेग घेऊन नाक्यावर पोचलं. समोरून मुरबाडहून येणारी एस.टी. करकचून थांबली. चाकही तिच्यापुढं दोन गिरक्या घेऊन आडवं पडलं. मागून चप्पल हातात घेऊन धावत आले रमजानभाई.

ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि मोठ्यानं काहीतरी बोलायच्या बेतात असताना त्यांना ओळखलं. "अरे, बुबेरेसाहेब! चौतीस वर्षं गाड्या सोडल्या, आता नुसती चाकं सोडता काय?"

सबंध गाडी हसली. ज्या गाडीला त्यांनी आयुष्यभर शिट्टी मारून थांबवलं आणि शिट्टी मारून सोडलं, त्या गाडीपुढं लाल-पिवळं चाक ढकलत रस्ता मोकळा करायची पाळी त्यांच्यावर आली. कान असे तापले, की घरी येऊन त्यांनी डोक्यावर तांब्याभर पाणी ओतून घेतलं. आणि संध्याकाळी त्या पाच जणांचे अभिप्राय आले. प्रत्येकी पाच तारे! 'भन्नाट अनुभव! चाकाचा लाइव्ह शो!' जेवणाबद्दल एक अक्षर नाही. पाचांचे मिळून पंचवीस तारे आले आणि रमजानभाईंना आनंद करावा की राजीनामा द्यावा ते कळेना.

या सगळ्यात एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली नाही, की नेहमीची माणसं दिसेनाशी झाली होती. बँकेतले दोघे यायचे थांबले. जीपवाले टपरीवर वडापाव खाऊ लागले. रमजानभाई म्हणत, हवा गरम आहे, माणूस कमी खातो. मग बाजाराच्या दिवशी कोंडाजी आले. पहिली भाकरी रश्श्यात बुडवून एक घास घेतला आणि थांबले. दुसरा घास घेतला. मग हात ताटाबाहेर धरून हळूच विचारलं,

"रमजानभाय, भाबी आजारी हायेत काय?"

"नाही. का?"

"नाय... मला वाटलं दुसरं कोन रांधतंय." आणि ते पाणी पिऊन उठले. तीन भाकऱ्यांचा माणूस एकीवर उठला.

आत भाकरी थापण्याचा आवाज थांबला होता. रमजानभाई आत गेले तेव्हा शकिलाबी तव्यासमोर तशाच बसल्या होत्या, हाताला पीठ आणि डोळ्यांत पाणी. त्यांना रडताना रमजानभाईंनी फार कमी वेळा पाहिलं होतं, आणि दर वेळी घरात कुणीतरी गेलं होतं.

"पस्तीस वरसं रांधते," त्या म्हणाल्या. "सासूनं नावं ठेवली, नणंदेनं ठेवली. पन कोनी इचारलं नव्हतं, का दुसरं कोन रांधतंय. मी आता चव पन घेत नाय, म्हाईत हाय? चव तुमची वही घेते. परवापासून चूल पेटनार नाय. मी तस्लीमकडं जाते रसायनीला. तुमी बसा तारे मोजत."

तस्लीम म्हणजे त्यांची धाकटी बहीण. शकिलाबी बोलतात ते करतात, हे रमजानभाईंना लग्नापासून ठाऊक होतं. खानावळ गेली तर गेली, पण ही बाई रुसून बहिणीकडं गेली तर घरात राहणार कोण? त्यांचा जीव गलबलला. पण नियंत्रकाचं डोकं गलबलत नाही, ते कागद शोधतं. त्यांनी हिशेब मांडला: हे सगळं सुरू झालं क्रमांक एकपासून. क्रमांक एकचं कारण कळलं, की वही बंद होईल. वही बंद झाली, की शकिला थांबेल. हातात दीड दिवस होता.

रूपेश टी. कोण हे त्यांनी त्याच्या इतर अभिप्रायांवरून काढलं. गडी खोपोलीचा होता. खोपोलीच्या एका पंक्चरवाल्याला एक तारा: 'पंक्चर बरं काढतो. पुन्हा जाणार नाही.' दातांच्या डॉक्टरांना एक: 'दात बरा काढला. पुन्हा जाणार नाही.' एका सलूनला एक: 'केस बरे कापतो. पुन्हा जाणार नाही.' प्रत्येक डेपोत असा एक सराईत तक्रारदार असतोच, आणि तो कुठं ना कुठं सापडतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी वही काखेत मारून आणि नमुना म्हणून रश्श्याचा डबा आणि भाकऱ्या पिशवीत घालून रमजानभाई निघाले. डबा शकिलाबींनीच भरून दिला. कशेळ्याहून कर्जत, कर्जतहून खोपोली, दोन्ही वेळा एस.टी.नं. दोन्ही कंडक्टरांनी चाकाची चौकशी केली.

सलूनमध्ये गर्दी नव्हती. ओमकार नावाचा तरुण मालक एका गिऱ्हाइकाच्या गळ्यावरून वस्तरा फिरवत होता. गिऱ्हाइकाचं तोंड फेसानं झाकलेलं.

"इथं कुणी रूपेश टी. येतात का?" रमजानभाईंनी विचारलं. "म्हणजे, यायचे का? त्यांनी पुन्हा येणार नाही असं लिहिलं आहे."

"रूपेशदादा?" ओमकार म्हणाला. "हे काय, खुर्चीत बसलेत. दर पंधरा दिवसांनी येतात."

फेसातले डोळे मोठे झाले. रमजानभाईंनी वही उघडली आणि उभ्यानंच तक्रार वाचून दाखवली. खानावळीची, मग पंक्चरवाल्याची, मग डॉक्टरांची. सलूनची वाचली तेव्हा वस्तरा जिथल्या तिथं थांबला.

"मला एक तारा?" ओमकार सावकाश म्हणाला. "रूपेशदादा, मला?"

गळ्यावर वस्तरा असताना माणूस खोटं बोलत नाही. चौकशीची ही पद्धत रमजानभाईंना नोकरीत कधी सुचली नव्हती.

"सांगतो, सांगतो, आधी ते बाजूला घे," रूपेश म्हणाला. "अरे, तू केस चांगले कापतोस म्हणूनच दिला! मागं तुला कुणीतरी पाच तारे दिले, तेव्हा रविवारी मला दोन तास बसायला लागलं. त्या डॉक्टरांकडं तर महिन्याची वाट. चांगली जागा सापडली, की मी एक तारा देऊन टाकतो. गर्दी होत नाही. आणि खोटं लिहवत नाही म्हणून 'बरं आहे' तेवढं लिहितो."

"आणि पुन्हा जाणार नाही?" रमजानभाईंचा आवाज चिरकला.

रूपेशनं टॉवेलनं तोंड पुसलं आणि फेसाखालून खानावळीतल्या कोपऱ्याच्या टेबलाचं गिऱ्हाईक निघालं. पंपाचे सुटे भाग पोचवायला दर मंगळवारी कशेळ्याला येणारा, बिरडं दोनदा मागणारा. रमजानभाईंनी त्याला स्वतःच्या हातानं वाढलं होतं. इतकंच काय, 'कुणी एक रूपेश टी. आहे, त्यानं माझी झोप उडवली' हे गाऱ्हाणंही त्यालाच सांगितलं होतं, आणि त्यानं 'काय एकेक लोक असतात' म्हणून मान हलवली होती.

"चारच टेबलं तुमची, साहेब," रूपेश खाली बघत म्हणाला. "ती भरली तर मी जाऊ कुठं? पण आता महिना झाला, येत नाही मी. रस्सा तो राहिला नाही. पुन्हा जाणार नाही, हे लिहिलं तेव्हा खोटं होतं. आता खरं झालंय."

रमजानभाई बाकावर बसले. नमुन्याचा डबा उघडला, रूपेशला दिला, ओमकारला दिला, आणि स्वतःही भाकरीचा तुकडा बुडवला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं, की वही सुरू केल्यापासून ते एका हातानं फोन बघत जेवत होते, म्हणजे जेवत नव्हतेच. ओमकार बिचारा भिडस्त. "बरा आहे," तो म्हणाला. रमजानभाईंना ती चव नीट कळली. क्रमांक दोनचं तिखट त्यात नव्हतं, क्रमांक चारचं तेल नव्हतं, क्रमांक पाचचं खोबरं नव्हतं. त्या रश्श्यात सगळ्यांच्या तक्रारी होत्या. फक्त शकिला नव्हती.

"पाच करून टाकू का, साहेब? आत्ता करतो," रूपेशनं फोन काढला.

"कृपा करून काही करू नका," रमजानभाई म्हणाले आणि उठले.

ते घरी पोचले तेव्हा ऊन उतरलं होतं. भांडी घासून पालथी घातलेली. शकिलाबींची पिशवी दाराशी. वही अजून काखेतच होती, ती त्यांनी चुलीशेजारी ठेवली.

"चौकशी पुरी झाली," ते म्हणाले. "दोषी सापडला."

"कोन?"

"व्यवस्थापक."

दुसरी कुणी असती तर हसली असती. शकिलाबी हसल्या नाहीत. "त्या अनोळखी मानसाला इचारायला तुमी खोपोलीपर्यंत गेलात," त्या म्हणाल्या. "का जेवला, का नाय जेवला. पस्तीस वरसं माझ्या हातचं खाता. मीठ जास्त झालं तं सांगता. भाकरी करपली तं सांगता. चांगलं झालं, ह्ये एकदा तरी बोललात मला?"

रमजानभाईंनी आठवून पाहिलं. खरंच आठवेना. तक्रार पुस्तकात कौतुकाचं पान नसतं, असं काहीतरी बोलायला ते तोंड उघडणार होते, पण ते खरं उत्तर नव्हतं, आणि आजचा दिवस खऱ्या उत्तरांचा होता.

"डेपोत सगळे विचारायचे," ते म्हणाले, "बुबेरे, डब्यात काय? मी म्हणायचो, काही नाही, साधंच आहे. चौतीस वर्षं हेच सांगितलं. आणि पार्सल खोलीत आतून कडी लावून एकटा खायचो."

"का?"

"एकदा वालाचं बिरडं चौघांना चाखायला दिलं होतं. मला दोन घास उरले. शकिला, तुझ्या हातच्यासारखं मी कुठंच खाल्लं नाही. कुणाला कळू दिलं नाही... आणि तुला सांगायचं राहूनच गेलं."

"काय मानूस हाय," शकिलाबी स्वतःशीच म्हणाल्या. मग वाकून त्यांनी एक पातेलं उलटं होतं ते सरळ केलं. "मीठ जास्त झालं तं सांगायचं. पन चांगलं झालं तरी सांगायचं. पहिल्या घासाला."

दुसऱ्या दिवशी मसाला तळव्यानं पडला. तेल वर तरंगलं, खोबरं दाताखाली आलं, आणि कोंबडीत हाडं होतीच. निरोप मिळाल्यावर कोंडाजी आले, जीपवाले दोघं वासानंच आले. रमजानभाईंनी सगळ्यांना वाढलं, मग स्वतःचं ताट घेऊन पहिला घास घेतला, आणि दिलेल्या शब्दाला जागून उभे राहिले. कौतुक कुठल्या पट्टीत करायचं याचा सराव नसल्यामुळं त्यांनी माहीत असलेली एकच पट्टी लावली, ती स्टँडवर गाडी पुकारायची.

"शकिला! रस्सा फार छान झाला आहे!"

कोंडाजींना ठसका लागला. नाक्यावर रिक्षाच्या रांगेतले चार-पाच जण वळून बघू लागले. पलीकडच्या दुकानातून कुणी बाहेर आलं. आत भाकरीचा आवाज क्षणभर थांबला, आणि मग शकिलाबींचा आवाज आला, हसू दाबलेला.

"हळू बोला की! गर्दी व्हईल."